करणीचं कार्ड

म्हस्कूआबा रुपनवर माझ्या दुकानात उभ्या आयुष्यात तीनदाच आले. एवढ्याशा ओळखीवर माणसाबद्दल लिहू नये, हे मलाही कळतं. पण त्यांच्या घराचं जे झालं त्याला निमित्त झालेला एक शब्द माझ्या अक्षरातला आहे, आणि तो काही केल्या मला खोडता येत नाही. म्हणून लिहितो.

बारामतीत भिगवण चौकातून आत वळलं की माझं कॉम्प्युटरचं दुकान. विक्री, दुरुस्ती, असेंब्ली, सगळं एकाच खोलीत. १९९८ साली कॉम्प्युटरच्या दुकानात चपला बाहेर काढून यायची पद्धत होती. धुळीनं मशीन बिघडतं, असं आम्ही सांगायचो. खरं कारण असं, की अनवाणी उभं राहिलेलं गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही.

आबा पहिल्यांदा आले ते त्या जूनमध्ये. डोक्याला पटका, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट आणि काखेत कोकरू धरावं तसा धरलेला सीपीयू. मागे त्यांची मुलगी, कागदोपत्री स्वप्नाली, घरात छकुली. बारामतीच्या कॉलेजात बी.सी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आबा भवानीनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क. तिथल्या एका इंजिनिअर साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर आबांना देऊन टाकला होता. पेंटियम १३३. माझ्या हिशेबी म्हातारा, पण धडधाकट.

"बगा साबळेसर," आबा म्हणाले, "पोरगी म्हणती, ह्यो मदीच दम खातोय."

मी सीपीयू उघडला, पंख्यातला धुरळा काढला, थोडी मेमरी वाढवली. तेवढ्या वेळात छकुली माझ्याशी मेमरी, बोर्ड, ड्रायव्हर असलं काहीबाही बोलत होती आणि आबा स्टुलावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. मला गंमत वाटली. म्हटलं, "आबा, तुम्हाला कळतंय का ही काय म्हणतेय?"

"न्हाय बा. पर तुमास्नी कळतंय न्हवं? मग झालं."

एवढं बोलून त्यांनी पटका नीट केला. त्यात जो तोरा होता तो मी पुढे पुष्कळ पदवीधर बापांच्या तोंडावर शोधला.

आता या पोरीला गेमचं वेड कशानं लागलं, तर आबांमुळेच. बायको रंगूबाई कावीळ होऊन गेली तेव्हा छकुली दहावीत होती. तेव्हापासून आबा तिला डोळ्याआड होऊ देत नसत. कॉलेजची एसटी सोडली तर कुठं जाणं नाही, येणं नाही. कारखान्याच्या कॉलनीत सायकलसुद्धा एकटीनं चालवायची नाही. मग काय, इंजिनिअर साहेबांनी मशीनमध्ये ठेवून दिलेली गाड्यांच्या शर्यतीची एक गेम तिच्या हाती लागली. सायकलची बंदी असलेली ही मुलगी त्या गेममध्ये ताशी दोनशेच्या वेगानं घाट उतरायची. दर रविवारी दुपारी, ओढणी कमरेला खोचून. आबा बाजूला जेवत बसायचे आणि वळण आलं की हातातला घास तसाच धरून म्हणायचे, "हळू गं!"

पण त्या मशीनमध्ये चित्रं काढणारं कार्ड होतं एक एमबीचं. डोंगर म्हणजे नुसते चौकोनी ठोकळे, आणि गाडी वळणावर आली की चित्र अडखळायचं. म्हणून छकुलीला नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ती कॉलेज सुटल्यावर दोन-तीनदा दुकानात आली. लोकांचे प्रोजेक्ट टाइप करून देऊन तिनं पैसे साठवले होते. हातात एक वही, वहीत मासिकातून उतरवून घेतलेली कार्डांची नावं. माझ्याकडे येणारी कॉलेजची पोरं 'सगळ्यात भारी कुठलं' एवढंच विचारायची. ही विचारायची, "माझ्या मशीनला झेपेल असं कुठलं?" असं गिऱ्हाईक मला आवडतं.

"सर, हे एजीपीचं घेतलं तर? नवीन आहे, आणि स्वस्तही."

मी एक उघडा बोर्ड तिच्यापुढे ठेवला. "तुझ्या मशीनमध्ये असाच आहे. काळ्या खाचा जुन्या कार्डांच्या. पांढऱ्या पीसीआयच्या. एजीपीची खाच तपकिरी असते. दाखव बघू."

तिनं वाकून पाहिलं. "नाहीच."

"मग ते कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवणार?"

ती हसली आणि वहीत एका नावावर काट मारली. मग पांढऱ्या खाचेत बसणारं एक हलकं कार्ड तिनं काढलं. मी म्हटलं, "ते नावाचं थ्रीडी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. चार पैसे वाचतील आणि डोंगर ठोकळ्याचे ठोकळेच राहतील."

राहिलं एक. त्या वर्षी पोरांच्या तोंडी त्याचंच नाव होतं, व्हूडू. चार एमबीचं, पांढऱ्या खाचेत बसणारं. त्याची दुसरी, जास्त ताकदीची आवृत्ती नुकतीच आली होती, पण तिच्यामागे पळायला म्हाताऱ्या पेंटियमच्या पायात बळ नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. पहिलंच घे, जास्त पैसे वाया घालवू नकोस.

"आणि आत्ता जे आहे ते कार्ड काढून टाकायचं?"

"अजिबात नाही. व्हूडू फक्त गेमची चित्रं काढतं. बाकी सगळं काम जुन्यानंच करायचं. मागून एक आखूड वायर या कार्डातून त्या कार्डात जाते, झालं."

"म्हणजे जुन्याला हाकलायचं नाही," ती म्हणाली. ते तिला फार बरं वाटलं. "मग हेच. आबांना विचारते आणि येते. लिहून द्या, सर."

मी बिलाच्या पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: व्हूडू, चार एमबी, पीसीआय. ती म्हणाली, "नाव असं का हो ठेवलं असेल?" मी हसत म्हटलं, "गोऱ्यांचं भूत आहे ते. एकदा बसलं की उतरत नाही!" माझ्या आज्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, भुतं, करणी-भानामती सगळं एका दिवसात उंबऱ्याबाहेर काढलं. आमच्या घरात हे शब्द उरले ते नुसत्या थट्टेपुरते. ते दुसऱ्याच्या घरात अजून जिवंत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मोठा शहाणा मी!

पुढचं मला सव्वा वर्षानं कळलं. पण गोष्ट सरळ लागावी म्हणून इथंच सांगतो.

आबांचं मूळ घर निरवांगीच्या पलीकडे एका वाडीवर. वाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. मेंढरं राखणारं घर. छकुली पाच वर्षांची असताना आबांच्या चुलतभावाची मेंढरं एकामागून एक मरायला लागली. काहीतरी रोग असणार. पण त्याच आठवड्यात रंगूबाईनं वाघराजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, हळद आणि कडुनिंबाचा पाला टाकलेला कुणीतरी पाहिला. तिनं टाकला होता तो आपल्या मेंढराच्या जखमेचं औषध वाटून उरलेला चोथा. भावकीची बैठक बसली. रंगूबाईला मधे उभं करून तीनदा विचारलं, "रंगू, तू करणी केलीस का?" तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. कुणी मानलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी बंद.

आबा तेव्हा पंचविशी-तिशीतले. त्यांनी भर बैठकीत सांगितलं, "माजी बायकू न्हाय म्हणती, म्हंजी न्हाय." आणि चार दिवसांत मेंढरं विकून, संसार बैलगाडीत घालून भवानीनगर गाठलं. आधी कारखान्यात हमाली, मग वॉचमन, मग काटा. रंगूबाई मरेपर्यंत त्या वाडीवर गेली नाही. आणि आबांनी 'करणी' हा शब्द पुन्हा घरात उच्चारला नाही. छकुलीला आईची हकिकत ठाऊक होती, ती आईकडूनच. बापलेकीत त्यावर कधी चकार शब्द निघाला नव्हता.

तर त्या संध्याकाळी छकुलीनं माझी चिठ्ठी आबांच्या हातात दिली. "आबा, हे कार्ड घ्यायचंय. पैसे माझ्याकडं आहेत." आबांना इंग्रजी अक्षरं येत होती, ती ट्रकच्या नंबरप्लेटांवरून शिकलेली. त्यांनी एकेक अक्षर जुळवलं आणि म्हणाले, "बगतो." पोरीच्या विद्येचा शब्द आहे, त्याचा अर्थ आपल्यालाही कळावा, एवढीच त्यामागं हौस. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना कॉलनीतल्या एका निवृत्त मास्तरांना त्यांनी चिठ्ठी दाखवली. मास्तरांनी शब्दकोश काढला, बोट लावून शोधलं आणि वाचलं, "करणी. चेटूक. जादूटोणा."

आबांना वाटलं, चुकीचं पान उघडलं असेल. त्यांनी पुन्हा बघायला लावलं. तोच शब्द, तोच अर्थ.

"कुणी आणलंय हे?" मास्तरांनी विचारलं.

"माज्या पोरीनं," आबा म्हणून गेले. आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो.

मास्तर वाईट नव्हते, जिभेनं सैल होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी गंमत म्हणून सांगितलं, "म्हस्कूची पोरगी कॉम्प्युटरला करणीचं कार्ड बसवणारंय." सगळे हसले. त्यातला एक निरवांगीकडचा होता, तो हसला नाही. तो म्हणाला, "आईचंच लेकरू." आबा टपरीच्या मागं हात धूत होते. त्यांनी ते ऐकलं.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आबांनी फुंकरही मारली नाही, भांडंच उलथून टाकलं. घरी गेले, मशीनचा प्लग ओढला, सीपीयू, मॉनिटर, सगळं घोंगड्यात गुंडाळून कपाटात घातलं आणि कुलूप लावलं. छकुली कॉलेजातून आली. तिनं विचारलं, काय झालं. आबा म्हणाले, "उद्यापास्नं कालिज बंद." तिनं पुन्हा विचारलं, का. आबा बोललेच नाहीत. कसे बोलणार? बोलायचं तर तो शब्द उच्चारायला हवा, आणि तो शब्द त्या घरात आणायचा नव्हता म्हणून तर हे सगळं चाललं होतं. ती रडली, दोन दिवस जेवली नाही. आबा काट्यावर बसून ट्रकांची वजनं बघत राहिले.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्तावर छकुलीचं लग्न उरकलं. बोलणं वाडीपर्यंत आणि वाडीवरून सगळ्या सोयऱ्यांत जायच्या आत पोर उजवायची, एवढंच आबांच्या डोक्यात होतं. जावई बाजीराव, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर. मुलगा निर्व्यसनी, सालस. पण साप साप म्हणून भुई धोपटावी तसं झालं, आणि धोपटली गेली ती पोर.

इकडे मी पुण्याहून ते कार्ड मागवून ठेवलं होतं. महिनाभर वाट पाहिली. मग एका डॉक्टरच्या मुलाला विकलं आणि वर बायकोला सांगितलं, "या पोरींचं काही खरं नसतं. वह्या भरतात, माझा वेळ खातात आणि गायब होतात." हे मी बोललो. आठवलं की आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

आबा दुसऱ्यांदा आले ते ९९ च्या ऑक्टोबरात. चपला काढायचंही भान नव्हतं. माझ्या टेबलावर त्यांनी तीच चिठ्ठी ठेवली, घडीवर फाटलेली.

"ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो."

"ह्येचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "आबा, कार्डाचं नाव आहे. गेममध्ये चित्रं काढतं ते कार्ड."

"दुसरा काय अर्थ न्हाय?"

"असेल शब्दकोशात. कंपनीनं नाव ठेवलंय नुसतं. नागमोडी रस्त्यावर काय नाग असतो का?"

ते खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर. मग एकेक सांगायला लागले. गळीत हंगामाच्या आधी कारखान्यात इलेक्ट्रॉनिक काटा बसवायला पुण्याचा एक इंजिनिअर आला होता. त्याच्या बॅगेत एक खोकं होतं. खोक्यावर तीच सहा अक्षरं. आबांनी नंबरप्लेट वाचावी तशी ती वाचली आणि घाबरत विचारलं. इंजिनिअर म्हणाला, "काका, पोराला वाढदिवसाला नेतोय. गेमचं कार्ड आहे." पोराला, वाढदिवसाला. त्याच दुपारी रजा टाकून ते माझ्याकडे आले होते.

वाडी, रंगूबाई, मास्तर, घोंगडं, लग्न, सगळं त्यांनी मला त्या बैठकीत सांगितलं. मी म्हटलं, "आबा, चूक माझीही आहे. मला नाव समजावून सांगायला हवं होतं."

"तुमी वंगाळ काय लिवलं न्हाय," ते म्हणाले. "मला तेच कार्ड पायजे, सर. पोरीच्या घरी जाऊन बसवून देतो. ती काय वाईट न्हाय, माफ करंल."

बैल गेला आणि झोपा केला. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. तरी मी दुकानदार, दुकानदारासारखाच बोलायला लागलो. वर्षभरात ते कार्ड बाजारातून उठलं होतं. त्याहून चांगली पीसीआय कार्डं आली होती, त्यातलं एक मी त्यांना दाखवलं. "हे एकटंच दोन्ही कामं करतं. जुनं काढून टाकायचं, हे बसवायचं. चित्रही सरस."

आबांनी ते हातात घेतलं, वजन बघितलं, परत ठेवलं. "चांगलं असंल. पर तिनं ह्ये निवडलं न्हवतं."

"आबा, ते जुनं झालं आता."

"मशीन बी जुनंच हाय. आन मी बी. तेच द्या."

निवड करायची ती छकुलीनं सव्वा वर्षापूर्वी करून ठेवली होती. ती मोडायला आबा तयार नव्हते, आणि मीही फार ओढलं नाही. पुण्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून मी वापरलेलं एक व्हूडू मिळवलं. आबा तिसऱ्यांदा आले ते त्यासाठी. पुढच्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर जायचं ठरलं. बसवायला कुणीतरी हवंच होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या पोरीसमोर एकदा उभं राहायचं होतं.

नोव्हेंबरातला रविवार. भवानीनगरातून वडाप जीप केली. मॉनिटर आबांच्या मांडीवर, सीपीयू माझ्या. वाटेत आबा एखाद्या लहान मुलासारखे बोलत होते. "डोंगर आता गोल दिसतील न्हवं? आन गाडी अडकायची न्हाय न्हवं?" मी हो हो म्हणत होतो. त्यांनी पटका नवा बांधला होता.

लोणी देवकरला वसाहतीच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर. छकुलीनं दार उघडलं. पाय धुवायला पाणी दिलं, बापाच्या पाया पडली, माझ्याही. "बसा सर," म्हणाली. तोच आवाज, पण वरची झिलई गेलेली. बाजीरावांना कॉम्प्युटर बघून आनंद झाला. त्यांनी टेबलावरची शिलाई मशीन उचलून बाजूला ठेवली. ती छकुलीची. ती आता ब्लाऊज शिवत होती.

मी सीपीयू उघडला. घोंगड्याची लोकर पंख्यात अडकली होती, ती चिमट्यानं काढली. व्हूडू पांढऱ्या खाचेत बसवलं, मागून आखूड वायर जोडली. मशीन चालू केलं आणि स्क्रीन काळ्या पानावर अडून बसली. आतली बॅटरी संपल्यानं मशीन तारीख विसरलं होतं. बाजीराव गोंधळले, आबांचा तर चेहरा उतरला. मी काही करायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "एफ वन दाबा."

ती तिथं उभी होती, हाताला पीठ. स्क्रीनकडे बघत होती. मी म्हटलं, "ये, तूच दाब." ती आत निघून गेली.

गेम चालली. डोंगर गोल दिसले, झाडांच्या मागं धुकं दिसलं, गाडी वळणावर अडखळली नाही. बाजीराव खुर्चीला चिकटलेच. "काय भारी दिसतंय हो!" आबा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. जेवणं झाली, तरी ती बाहेरच्या खोलीत आली नाही.

निघायच्या वेळी ती मागच्या हौदावर भांडी घासत होती. आबा तिथं गेले. मी पाणी प्यायला उठलो होतो, म्हणून दारातच अडकलो. ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं.

"छकुले, एकडाव चालवून बघ की."

"नको, आबा."

"का गं?"

तिच्या हातातलं ताट थांबलं. "हे 'का गं' तुमी मला आज इचारताय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला लग्न झाल्यावर मास्तरांच्या बायकोनं सांगितलं, कार्डाच्या नावाचं. त्याआधी मला ठावंच न्हवतं, माजं काय चुकलं. मी चार महिने शोधत हुते."

"पोरी, मी भ्यालो. तुजी आई..."

"आईला वाडीनं बैठकीत उभं केलं, आबा. तीनदा इचारलं, केलंस का म्हणून. तिला तीनदा न्हाय म्हणायला तरी मिळालं." तिनं ताट उपडं घातलं. "तुमी मला एकदा बी न्हाय इचारलं."

आबा हौदाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. वाडीनं रंगूबाईवर विश्वास ठेवला नाही म्हणून ज्या माणसानं वाडी सोडली, त्यानं आपल्या लेकीला विचारण्याआधीच शिक्षा देऊन टाकली होती. हे त्यांना तोवर कळलं नव्हतं असं नाही. पण तिच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "चुकलं माजं," एवढंच ते म्हणाले, दोनदा.

"व्हय," ती म्हणाली. "चहा टाकते, पिऊन जावा."

चहा प्यालो. तिनं बापाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, पुन्हा पाया पडली. आम्ही पायऱ्या उतरल्यावर ती दारात येऊन म्हणाली, "आबा, पुढच्या बारीला कळवून येत जावा. शेजारी फोन हाय, मला बोलावून देत्यात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुण्यांना सांगावं तशी ती सांगत होती. बापानं लेकीच्या घरी कळवून जायचं, असं आमच्याकडे कुणी ऐकलं तर त्याला वाटेल थट्टा चाललीय. आबांनी मान हलवली आणि शेजारचा नंबर माझ्याकडून लिहून घेतला. मी आकडे नीट, ठळक काढले. रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "साबळेसर, पोरीनं मला पाव्हणा केला."

यानंतर आबा माझ्या दुकानात कधी आले नाहीत. पण माझ्या दुकानासमोर एक पीसीओ होता. कॉलनीतल्या पीसीओत चार कान जास्त असतात, म्हणून ते सुट्टीच्या दिवशी एसटीनं बारामतीला यायचे, त्या काचेच्या खोलीत उभे राहायचे आणि पटका सारखा करून नंबर फिरवायचे. दार नीट लागत नसे. मी काउंटरवर असलो की ऐकू यायचं.

"छकुले, मी आबा. आयतवारी यिऊ का?"

मग ते ऐकत राहायचे. मान हलवायची, जणू तिला दिसतंय. "बरं. बरं. काम असंल तर ऱ्हाऊ दे. पुढच्या हप्त्याला परत इचारतो."

आणि खरंच, पुढच्या आठवड्यात येऊन ते परत विचारायचे.